बंब गेला, गॅस गिझर आला

परभणीचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीत जिंतूरकडेही कढत पाण्याशिवाय अंघोळ होत नाही. पूर्वी तांब्याचा बंब परसात पेटे, धूर उघड्यावर जाई. त्याच्या जागी घेतलेला गॅस गिझर मात्र पुष्कळजण थेट न्हाणीघरात बसवितात. धोका तेथेच आहे. बंद खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडू लागतो आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. (गळतीचा ओळखीचा वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, या विषारी वायूचा नव्हे.) रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने बिलगतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतील बळ जाते. कडी काढायलाही हात उठत नाही.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवावा; आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यावी. आत नुसता पंखा लावून भागत नाही. कोणी आत कोसळल्यास दार उघडून त्यास ताबडतोब बाहेर आणावे, गॅस बंद करावा व प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर आला तरी न्यावेच.