काट्यावरचे कॅमेरे : थेट जोडावेत की स्विचमधून?



काट्यावरच्या कॅमेऱ्यामुळे गाडीचा नंबर व वजन यांचा मेळ बसतो. पण जोडणी नीट हवी. गिगाबिट तारेतून सेकंदाला फार तर १००० मेगाबिट माहिती जाते. ५० लाख ठिपक्यांचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला २० चित्रे, न दाबता, पाठवू लागला की ८०० मेगाबिट त्यातच संपतात.

स्विच म्हणजे अनेक तारा एकत्र आणणारी पेटी. असे चार कॅमेरे स्विचला जोडून पुढे एकच तार नेली, तर चार गावच्या गाड्या एकाच काट्यावर आल्यागत होते. गाडी रांगेत थांबते. स्विचची रांग भरली की चित्राचे तुकडे गळतात. नेमके आपल्याच गाडीचे गळले तर?

म्हणून भारी कॅमेरा संगणकाला थेट, स्वतंत्र जोडावा. कॅमेरे हलके असोत वा पुढची तार १० गिगाबिटची असो, मग स्विच खुशाल चालतो.