पुण्यातील सरदारवाडे आणि शिक्षणाचे सार्वजनिकीकरण

प्रस्तावना :
वाडा ही केवळ निवासाची वास्तू नसून सत्ता, प्रतिष्ठा आणि सामाजिक अंतर यांची दृश्य रचना होय. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर शनिवारवाड्यापासून नानावाडा व विश्रामबागवाड्यापर्यंत पेशवाईतील या रचनेच्या खुणा आजही आढळतात. या परिसरातील वाड्यांचे विद्यास्थानांत झालेले रूपांतर आणि त्याचा सामाजिक अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाड्याची रचना :
वाड्याचा बाहेरचा चौक कचेरी व पाहुण्यांसाठी, तर आतील चौक, माजघर व देवघर कुटुंबासाठी असे. कोणी कुठवर यावे, हे उंबरठेच ठरवीत. मात्र प्रशस्त दिवाणखाना, ओसऱ्या आणि चौकातून येणारा उजेड यांमुळे हीच वास्तू पुढे वर्ग भरविण्यास सोयीची ठरली.

वाड्यातून विद्यालयाकडे :
इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आरंभी तिचे दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते. इ.स. १८४८ मध्ये जवळच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शासकीय सत्कार झाला, तो विश्रामबागवाड्यातच. एका वर्णापुरत्या विद्येसाठी उघडलेल्या वाड्यात, अवघ्या तीन दशकांनी, स्त्रिया व शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या माळी समाजातील तरुणाचा गौरव झाला, ही घटना अर्थपूर्ण आहे. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाचा आरंभही शनिवार पेठेतील गद्रे वाड्यातच झाला. नाना फडणवीसांच्या नानावाड्यातही कालांतराने शाळा भरली.

जतनाचा प्रश्न :
विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग कोरीव लाकूडकामामुळे ख्यात असून त्याचे जतन झाले. भिडे वाड्यास असे शिल्पवैभव नव्हते. दर्शनी भागातील दुकाने आणि दीर्घकाळ चाललेला न्यायालयीन वाद यांत तो जीर्ण होत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती वास्तू पाडण्यात आली. ज्या खोल्यांत शाळा भरली, त्या खोल्या मात्र पुन्हा उभ्या राहणार नाहीत.

निष्कर्ष :
वारशाचे मोल केवळ बांधणाऱ्याच्या वैभवावरून किंवा कोरीव खांबांवरून ठरविल्यास साध्या वास्तूंतील मोठा इतिहास दृष्टीआड होतो. वाडा कोणी बांधला याबरोबरच त्याचा उंबरठा पुढे कोणी ओलांडला, याचीही नोंद होणे आवश्यक आहे. परिसरातील जुन्या वास्तूंचे असे सर्वेक्षण महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हाती घेतल्यास, वास्तू उभी असतानाच तिचे मोल समाजासमोर येऊ शकेल.