अठरा तास आणि अर्धा तास
(नोकरी सांभाळून शोधप्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी)

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांतून आणि वाचनालयांतून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हांस मिरवणुकीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच प्रिय आहे. परंतु एम. ए., एम. कॉम. करणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे खरा प्रश्न उभा राहतो तो १५ तारखेला. दिवसा हिंजवडीला किंवा चाकणला नोकरी, संध्याकाळी बसची गर्दी, घर दोन खोल्यांचे आणि त्यात टीव्ही चालू. अशा स्थितीत शोधप्रकल्प लिहावा केव्हा? व्याख्याने चुकली तर टिपणे मैत्रिणीकडून मिळतात. प्रकल्प मात्र स्वतःच लिहावा लागतो. अनेकांची पदवी अडते ती याच ठिकाणी.

आम्ही बँकेतली माणसे, म्हणून प्रथम हिशेब मांडतो. अठरा तास म्हणजे छत्तीस अर्धे तास. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास काढला तर ते सात आठवडे पुरतात. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, पिग्मी ठेव सुरू केली, ती याच तत्त्वावर. रोज दारात येऊन दोन आण्यांइतकी लहान रक्कमसुद्धा गोळा करायची. एकरकमी बचत ज्यांना कधीच जमली नसती, त्यांची त्यातून पुंजी झाली. लेखनाचेही असेच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयी अभ्यासल्या. तेव्हा मोठ्या सुटीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा रोज थोडे लिहिणाऱ्यांच्या हातून अधिक काम झालेले त्यांना दिसले.

आता सत्राचे कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर घ्यावे. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे धरू. जे दिवस आपले नाहीत, ते आधी खोडावेत. पहिल्या सत्रात गणपतीचे दहा दिवस (पुण्यात त्या दिवसांत रस्तेही आपले नसतात), दिवाळी आणि अंतर्गत परीक्षा; दुसऱ्या सत्रात १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, घरातली लग्ने आणि जयंतीची तयारी. हिशेबाच्या खात्यात नोकरी असेल तर मार्चअखेरही खोडावी. चार आठवडे असे गेले तरी अकरा उरतात. रोज दोनशे शब्द, आठवड्याचे हजार, अकरा आठवड्यांचे अकरा हजार. त्यांतले तीन हजार पुढे कापावे लागले तरी आठ हजार हातात राहतात.

त्या अर्ध्या तासात वाचन करू नये, लिहावे. हे सांगायला सोपे, पाळायला कठीण. कारण वाचनात मन रमते आणि आपण काम केले असे वाटते. वाचन बसमध्ये, रविवारी, अभ्यासिकेत करावे. टिपण काढताना पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठांक त्याच वेळी टिपावा. उठण्यापूर्वी उद्याच्या पहिल्या वाक्याची दोन शब्दांत नोंद करून ठेवावी. वेळ पहाटेची की रात्रीची, यावर वाद नको. घरात जेव्हा शांतता असते, ती वेळ. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चारशे शब्दांचा दंड स्वतःला लावू नये, दोनशेच लिहावेत.

बाबासाहेबांचे उदाहरण देताना सभांमधून फक्त तासच सांगितले जातात, हे आम्हांस खटकते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण त्यांना अर्धवट सोडावे लागले. १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातले ते दीर्घ दिवस या आधीच्या बचतीमुळे शक्य झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठास सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस आले, तेथे प्रबंधाची फेरमांडणी केली, त्याच काळात वकिलीही सुरू केली. नोव्हेंबर १९२३ मध्ये प्रबंध मान्य झाला आणि डिसेंबरात ग्रंथरूपाने निघाला. मार्गदर्शकांनी प्रकरण लाल शाईने भरून परत दिले म्हणून प्रकल्पच सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकिकत अवश्य सांगावी.

दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून अकरा आठवड्यांतले शेवटचे तीन नव्या मजकुरासाठी धरू नयेत. तसे केल्यास शब्द आठ हजारच होतील आणि कापाकापीनंतर पाच-सहा हजार उरतील. लहान प्रकल्पाला तेवढे चालतात. प्रकरणे एकत्र न साठवता एकेक करून मार्गदर्शकांकडे द्यावीत, कारण त्यांच्याकडेही इतरांचे गठ्ठे असतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी टंकलेखन पहिल्यापासून युनिकोडमध्ये करावे; जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, आणि हे नेमके मुदतीच्या आदल्या संध्याकाळी कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले जाते; ती तपासणी बांधणीच्या आधी करून घ्यावी. बांधणीवाल्याकडे सत्राच्या शेवटी रांग असते, तेव्हा त्याच्यासाठी चार दिवस वेगळे ठेवावेत.