जैवविविधता कायदा आणि सूक्ष्मजीव संग्रह

१९९२ च्या रिओ परिषदेत स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या जैवविविधता कराराने जैविक साधनसंपत्तीवरील राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार मान्य केला. २०१० च्या नागोया प्रोटोकॉलने लाभवाटपाची चौकट आखली. मातीतील जिवाणूही या अधिकारकक्षेत येतात.

तथापि, सूक्ष्मजीवशास्त्राची शिस्त वेगळी आहे. जिवाणूच्या नव्या प्रजातीचे नाव वैध ठरण्यासाठी तिचा टाइप स्ट्रेन, म्हणजेच प्रमाण मानलेला नमुना, किमान दोन भिन्न देशांतील सार्वजनिक संग्रहांत ठेवून इतर संशोधकांना उपलब्ध असावा लागतो. भारताच्या २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार मात्र परदेशी संस्थेस असे साधन मिळविण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वसंमती आवश्यक आहे. परिणामी, परदेशी संग्रहाने नमुना मुक्तपणे दिल्यास कायद्याचा प्रश्न उद्भवतो. वितरणावर निर्बंध घातल्यास प्रजातीचे नाव अडते.

चंडीगढ व पुणे येथील संग्रहांमुळे एका ठेवीची सोय देशातच होते. दुसरी देशाबाहेरच करावी लागते. म्हणून नमुना गोळा करतानाच स्थळ व दिनांक नोंदविणे आणि शोधनिबंध पाठविण्यापूर्वी आवश्यक संमती मिळविणे संशोधक प्राध्यापकांच्या हिताचे ठरते. लाभवाटपाचे तत्त्व न्याय्यच आहे. मात्र पडताळणीसाठी नमुनाच उपलब्ध नसेल, तर विज्ञानाचा पायाच डळमळतो.