आपत्ती आणि व्यसनोपचार

महापूर, भूकंप, साथ इ. सामूहिक आघातांचे व्यसनोपचार घेणाऱ्या व्यक्तींवर होणारे परिणाम. अशा वेळी दोन परस्परविरोधी धोके संभवतात. भय, शोक व निद्रानाश यांमुळे व्यसनमुक्त व्यक्तीची ओढ पुन्हा बळावते. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरात सांगली शहर वेढले गेले, तशा प्रसंगी औषधे व समुपदेशन यांत खंड पडतो. याउलट, मार्च २०२० मधील टाळेबंदीप्रमाणे मद्यविक्री एकाएकी थांबल्यास, दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यास झटके येतात. दोन ते चार दिवसांत कंपोन्माद उद्‌भवून प्राणावरही बेतते. म्हणून साताऱ्यातील परिवर्तन संस्थेसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांना आपत्ति-नियोजनात स्थान असावे आणि निवारा-शिबिरांत आवश्यक औषधे ठेवावीत. व्यसन उलटल्यास तो नैतिक दोष न मानता उपचार त्वरित पुन्हा सुरू करणे इष्ट ठरते.