आधी वाट, मग इमारत: स्टेशनालगतच्या वसाहतीविषयीचे सात गैरसमज

रेल्वे किंवा मेट्रो स्टेशनशेजारच्या मोकळ्या जागेवर घरे, दुकाने आणि कार्यालये यांचा एकत्रित प्रकल्प येणार अशी बातमी आली, की परिसरात दोन तट पडतात. काहींना उंच इमारती, वाहनांची कोंडी आणि पाण्याची टंचाई दिसू लागते, तर काहींना जमिनीचे वाढणारे भाव. दोन्ही बाजू ज्या समजुतींवर वाद घालतात, त्यांतल्या कित्येक तपासून पाहिलेल्याच नसतात. अशा प्रकल्पाचे बरेवाईट त्याच्या उंचीपेक्षा किंवा दर्शनी भागापेक्षा एका गोष्टीवर अधिक ठरते: स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस पुढची दहा मिनिटे कसा चालतो. ही कसोटी हाताशी ठेवून नेहमीचे सात गैरसमज पाहू.

गैरसमज १: ही परदेशातून आलेली नवी टूम आहे.

वस्तुस्थिती: कल्पना जुनी आहे आणि महाराष्ट्रात ती अनेक वर्षे रुजलेली आहे. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने १९१० मध्ये ओसाकाच्या उमेदा स्टेशनापासून रेल्वे सुरू केली आणि त्याच वर्षी मार्गावरील इकेदा येथे घरे बांधून ती हप्त्यांवर विकायला काढली. घरांमुळे प्रवासी मिळाले आणि रेल्वेमुळे घरांना गिऱ्हाईक. १९२९ मध्ये उमेदा स्टेशनातच कंपनीचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर उभे राहिले.

आपल्याकडे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना हेच सूत्र वापरले. मानखुर्द–वाशी लोहमार्ग १९९२ मध्ये सुरू झाला. नवी मुंबईतील उपनगरी रेल्वेच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशन इमारतींत कार्यालये आणि गाळे आहेत. सीवूड्स–दारावे येथे तर स्टेशन, मॉल, कार्यालये आणि निवासी इमारती सुमारे १६ हेक्टरांच्या एकाच आराखड्यात आहेत. त्या जागेची निविदा २००८ मध्ये मंजूर झाली आणि मॉल २०१७ मध्ये उघडला. असे प्रकल्प दोन-तीन वर्षांत पुरे होत नाहीत, हेही त्यावरून ध्यानात घ्यावे.

गैरसमज २: घरे वाढली की त्याच प्रमाणात गाड्या वाढणार.

वस्तुस्थिती: गाड्या किती वाढतील हे घरांच्या संख्येइतकेच जागेवर आणि पार्किंगच्या नियमांवर अवलंबून असते. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेशनालगतच्या १७ निवासी प्रकल्पांत प्रत्यक्ष वाहनफेऱ्या मोजल्या गेल्या. वाहतुकीच्या अंदाजासाठी प्रचलित असलेल्या तक्त्यांनुसार जितक्या फेऱ्या अपेक्षित होत्या, त्यापेक्षा त्या सरासरी ४४ टक्के कमी भरल्या. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन काउंटीने मेट्रोचा मार्ग महामार्गाच्या मध्यातून न नेता जुन्या बाजाररस्त्याखालून नेण्याचा आग्रह धरला, स्टेशनांभोवती दाट बांधकामाला परवानगी दिली आणि थोड्याच अंतरावरच्या बैठ्या घरांच्या वस्त्या तशाच राखल्या. तिथे बांधकाम कित्येक पटींनी वाढले, पण मुख्य रस्त्यांवरची वाहतूक त्या मानाने फारच थोडी वाढली.

मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. स्टेशनाच्या दारात इमारत उभी करून प्रत्येक सदनिकेला दोन-दोन गाड्यांची जागा दिली, तर गाड्या येणारच. म्हणून पार्किंगची जागा मर्यादित ठेवणे, ती घरासोबत न देता वेगळी विकणे आणि दिवसा कार्यालयांनी वापरलेली जागा रात्री रहिवाशांना देणे, हे उपाय आराखड्यातच लिहिलेले असावे लागतात.

गैरसमज ३: नकाशावर ५०० मीटर म्हणजे पायी ५०० मीटर.

वस्तुस्थिती: स्टेशनकेंद्री विकासाच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात स्टेशनाचे प्रभावक्षेत्र साधारण ५०० ते ८०० मीटर धरले आहे. पुण्यात मेट्रो स्टेशनांभोवती ५०० मीटरांत वाढीव बांधकामाची तरतूद आहे. वर्तुळ नकाशावर सहज काढता येते, पण माणूस वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही. मध्ये रूळ, नाला, सोसायटीची कुंपणभिंत किंवा दुभाजक आला की ५०० मीटरांचे सहज एक किलोमीटर होते. रुळांच्या एका बाजूला तिकीटघर असेल आणि दुसऱ्या बाजूला केवळ एक अरुंद जिना असेल, तर वर्तुळाचा अर्धा भाग कागदावरच राहतो.

ही चूक किती महाग पडू शकते, हे मुंबईने सोसले आहे. परळ–लोअर परळ पट्ट्यात कापड गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी कार्यालये, मॉल उभे राहिले. रोज येणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली, पण त्यांच्या वाटा त्या मानाने रुंद झाल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी भर पावसात याच पट्ट्यातील तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसांचा जीव गेला. स्टेशनालगत एकही वीट रचण्याआधी गर्दीच्या वेळी किती माणसे कोणत्या जिन्याने उतरणार आणि कोणत्या वाटेने जाणार, याचा हिशेब मांडलाच पाहिजे. पूल, जिने, सरकते जिने, लिफ्ट आणि सलग पदपथ ही कामे इमारतींच्या आधी पूर्ण व्हायला हवीत.

गैरसमज ४: दाट वस्ती म्हणजे गगनचुंबी इमारतीच.

वस्तुस्थिती: घनता आणि उंची या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिस शहराची घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसे इतकी आहे, तरी तिथली बहुतेक वस्ती सहा-सात मजली इमारतींची आहे. हिशेब सोपा आहे. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर ४ इतका चटई क्षेत्र निर्देशांक मिळाला, तर ४,००० चौरस मीटर बांधता येते. अर्धा भूखंड व्यापला तर आठ मजले होतात. एक अष्टमांश व्यापला तर बत्तीस. बांधकाम तेवढेच, पण रस्त्यावर मिळणारा अनुभव अगदी निराळा. आठ मजल्यांची इमारत रस्त्याला सावली आणि दुकानांची सलग ओळ देऊ शकते. बत्तीस मजल्यांची इमारत पार्किंगच्या पाच-सहा मजल्यांवर बसवली, तर पदपथावरून चालणाऱ्याच्या वाट्याला कोरी भिंत येते. किती बांधायचे याबरोबरच ते कसे मांडायचे, हाही लोकांच्या चर्चेचा विषय व्हायला हवा.

गैरसमज ५: खाली मॉल आणि वर घरे, की झाला मिश्र वापर.

वस्तुस्थिती: मॉलचे तोंड बहुधा आतल्या बाजूला असते आणि रस्त्याकडे त्याची पाठ. स्टेशनालगतच्या दुकानांचे खरे गिऱ्हाईक संध्याकाळी घरी परतणारा प्रवासी असतो. भाजी, दूध, औषधे, पोळी-भाजी, मोबाइलची दुरुस्ती, झेरॉक्स ही कामे तो वाट न सोडता उरकतो. म्हणून छोटे गाळे त्याच्या रोजच्या वाटेवर, तळमजल्यावर आणि रस्त्याकडे तोंड करून हवेत. खर्च भरून काढण्यासाठी गरजेपेक्षा जास्त गाळे काढले, किंवा ते वरच्या मजल्यावर आडबाजूला टाकले, तर त्यांची शटर बंदच राहतात. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना स्वतंत्र जागा दिली नाही, तर ते पदपथच अडवतात.

फेरीवाल्यांचा विचारही इथेच व्हावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनापासून १५० मीटरांत फेरीवाल्यांना मनाई केली. या दोन्हींचा मेळ घालायचा, तर त्या हद्दीबाहेर पण प्रवाशाच्या वाटेवरच पाणी, वीज आणि कचऱ्याची सोय असलेला ओट्यांचा बाजार आराखड्यात दाखवावा लागतो.

गैरसमज ६: स्टेशनजवळची घरे श्रीमंतांनाच परवडणार, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती: बाजारावर सोडले तर तसेच होईल, कारण स्टेशन आले की भाव चढतात. पण ही भाववाढ सार्वजनिक पैशाने घडलेली असते आणि तिचा वाटा सार्वजनिक कामासाठी घेता येतो. हाँगकाँगमध्ये मेट्रो कंपनीला रेल्वे येण्यापूर्वीच्या मूल्याने जमिनीचे हक्क मिळतात. कंपनी विकासकांच्या भागीदारीत बांधकाम करते आणि नफ्यातल्या वाट्यातून रेल्वेचा खर्च काढते. महाराष्ट्रात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांच्या विकासात २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. सिडकोने खांदेश्वर, मानसरोवर आणि बामणडोंगरी यांसारख्या स्टेशनांच्या परिसरात परवडणाऱ्या घरांच्या योजना आखल्या. ज्याचा रोजचा प्रवास लोकलनेच होतो, त्याला स्टेशनापासून लांब ढकलणे हा अन्याय आहेच, शिवाय ते रेल्वेच्याही तोट्याचे आहे.

गैरसमज ७: रुळांशेजारी शांत झोप लागणे शक्य नाही.

वस्तुस्थिती: सलग लोहमार्गाचा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ३ डेसिबलनेच घटतो, त्यामुळे नुसते मागे सरकून भागत नाही. इमारतीची मांडणी मात्र मोठा फरक करते. रुळांच्या बाजूला जिने, पार्किंग, कार्यालये आणि दुकाने, दुसऱ्या बाजूला शयनगृहे, खिडक्यांना दुहेरी काच आणि पायाखाली कंप शोषणारे रबरी थर, असे उपाय सर्वज्ञात आहेत. हाँगकाँगच्या काउलून बे येथे मेट्रोच्या कारशेडच्या वरच हजारो लोक राहतात. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरांच्या आत बांधायचे असल्यास आपल्याकडे रेल्वेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. घर घेणाऱ्याने ते जरूर पाहावे.

स्टेशनालगतची जमीन पुन्हा निर्माण करता येत नाही. एकदा चुकीचे बांधले गेले की पुढच्या दोन पिढ्या त्याच जिन्यावर धक्के खातात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक नागरिकाला हरकती आणि सूचना नोंदवता येतात. तुमच्या स्टेशनाचा आराखडा पुढे आला, तर इमारतीच्या रंगीत चित्रावर थांबू नका. गर्दीच्या वेळी वाटा किती रुंद आहेत, त्या आधी बांधल्या जाणार का, पार्किंग किती, छोट्या घरांचा वाटा किती, पाणी आणि सांडपाण्याची सोय कधी होणार आणि भाववाढीतला वाटा कुणाकडे जाणार, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.