श्रावणातली न्याहारी : सोयाबीनचा खिमा

श्रावण लागला की सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत मटण-अंडी बंद होतात. मग मुलांची न्याहारी चहा-चपाती नाहीतर पोह्यांवर भागते. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. वाढत्या वयात हे बरं नव्हे. यावर घरच्या घरी होणारा उपाय म्हणजे सोयाबीनचा खिमा.

वडी कशी बनते?
कराड, वाळवा, पलूस भागात खरिपात सोयाबीन होतं. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. कारखान्यात तेल काढल्यावर उरलेल्या पिठात प्रथिनं ५० टक्क्यांच्या आसपास जातात. हे पीठ ओलं करून उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढतात. बाहेर येताच दाब सुटतो, वाफ निसटते आणि वडी फुगते. म्हणून ती आतून जाळीदार असते आणि खाताना तंतुमय लागते.

कृती (चार जणांसाठी)
१. १०० ग्रॅम वड्या उकळत्या मीठ-पाण्यात १० मिनिटं ठेवा.
२. गार पाण्याने दोनदा धुवून घट्ट पिळा. उग्र वास जातो. पाणी आत राहिलं तर मसाला मुरत नाही.
३. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. चुरा हवा, पेस्ट नको.
४. लोखंडी कढईत तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद आणि आपला कांदा-लसूण मसाला परता. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घाला.
५. चुरा घालून खमंग होईस्तोवर परता. वरून कोथिंबीर, लिंबू. सोबत गरम भाकरी.

आपण जिला 'मटणाची चव' म्हणतो, तिच्यात मसाल्याचा आणि खमंग परतण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून मुलं हा खिमा आवडीने खातात.

हिशेब काय सांगतो?
१०० ग्रॅम वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे प्रत्येकाला १२ ग्रॅम. जवळपास दोन अंड्यांएवढी!

एवढं लक्षात ठेवा
वनस्पतीत बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही, त्यामुळे दूध-दही चालू ठेवा. लिंबामुळे लोह अंगी लागायला मदत होते. सोयाबीनची अॅलर्जी असलेल्या मुलाला हे देऊ नका. घरचं सोयाबीन वापरायचं तर रात्रभर भिजवून नीट शिजवूनच घ्या. कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना कोरड्या आणि भिजवून पिळलेल्या वड्यांचं वजन करायला सांगा. वजन किती पटीने वाढलं? वाढलेलं वजन प्रथिनांचं की पाण्याचं? उत्तर त्यांनाच शोधू द्या.